म्हशींचा डोह

मे संपत आला की माझं बूड एका जागी ठरत नाही. बोरिवली पूर्वेला, डोंगरातून येणाऱ्या नदीला लागून आमची चाळ. आईची खोली तळमजल्यावर, नदीकडे पाठ करून. मी पहिल्या मजल्यावर. दिवसातून दहा वेळा मागे जायचं, भिंतीवरून वाकून पाणी बघायचं, परत यायचं. आईचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. ती म्हणते, "बस रे झिला, तुझ्या फेऱ्यांनी माका चक्कर येता."

पण बसू कसा? गेल्या पावसाळ्यात भरदुपारी तिच्या खोलीत पाणी घुसलं तेव्हा मी ऑफिसात होतो. शेजारणीने तिला ओट्यावर चढवून बसवलं. ऐंशीच्या घरातली बाई, गॅसच्या शेगडीशेजारी पाय पोटाशी घेऊन तीन तास. वर माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर जिने चढवत नाहीत म्हणते. ते खरंच आहे, आणि हट्टही आहे. यंदा पुन्हा तसं झालं तर ती त्या ओट्यावरून उतरेल की नाही, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात भुणभुणत असतो.

आणि हे पाणी मीच आणलंय. म्हणजे अक्षरशः लिहून आणलंय.

समोरच्या काठावर तबेला आहे. पूर्वी रोज अकराच्या सुमारास तिथल्या म्हशी नदीत उतरायच्या आणि दोन-अडीच तास डुंबायच्या. त्यांच्या खुरांनी काठ झिजून रुंद उतार झाला होता आणि नदीच्या मधोमध डोह पडला होता. वास यायचा, डास व्हायचे, हे सगळं खरं. पण माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणाने. मी अठ्ठावीसचा होतो, मुलीकडचे बघायला आले होते. चहा झाल्यावर मुलीचे मामा हवा खायला काठावर गेले. आमच्या काठाशी आलेल्या म्हशीने चिखलाने भरलेलं शेपूट झटकलं आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली. पुढच्या आठवड्यात नकार आला. कदाचित माझा पगार हेच कारण असेल, पण मी ते म्हशीवर ढकललं.

चाळीत कुणालाही अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे यायचे. अक्षर चांगलं, भाषा सरकारी. त्या रागात मी पालिकेला असा अर्ज लिहिला की वाचणारा गप्प व्हावा. नुसती तक्रार नाही, मोजमापासकट. कपडे वाळत घालायच्या दोरीला दगड बांधून डोहाची खोली मोजली. काठावरच्या पिंपळापासून अठ्ठावीस पावलं, लांबी एवढी, रुंदी एवढी, 'सदर जनावरांनी' काठ किती फूट खचवला ते सगळं लिहिलं. चाळीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. फक्त आईने केली नाही.

"मी सही करूचंय नाय," ती म्हणाली. "म्हशी बसतत म्हणान पाणी थय बसता. त्येंका हाकललंस तर ता खंय जातला?"

पाणी कुठे जाणार म्हणे! मी तिला वेड्यात काढलं. तिला काय कळतं, असंही म्हणालो. तेव्हा तोंडाला लगाम नव्हता.

अर्ज झकास चालला. म्हशींना नदी बंद झाली, त्या तबेल्यातच नळीखाली धुतल्या जाऊ लागल्या. समोरचा उतार बुजवून सरळ भिंत बांधली. पहिल्या दोन पावसाळ्यांत डोह गाळाने भरला, त्यात पाणवनस्पती माजली. आधी पूर आला की पाणी त्या उतारावरून तबेल्याच्या मोकळ्या जागेत चढायचं, तिथे पसरायचं, सावकाश उतरायचं. आता ते भिंतीवर आपटून आमच्याकडे वळतं.

हे मला कळायला वीसहून जास्त वर्षं लागली, तेही एका मुलीने समजावलं तेव्हा. या हिवाळ्यात नदी पूर्ववत करण्याच्या कामावर एक तरुण इंजिनिअर बाई आली. हातात जुन्या फायलीतल्या कागदाची झेरॉक्स. म्हणाली, "काका, या पट्ट्यात आधी नदी कशी होती याचा एवढाच कागद सापडला. कुणी लिहिलंय माहीत नाही, पण काय बारकाईने मोजलंय ना."

माझंच अक्षर. मी कबूल केलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. समोरची भिंत फोडून पुन्हा उतार करायचा, डोह खणायचा, असा तिचा बेत होता. "पण नुसता खणलेला डोह पुन्हा भरतो," ती म्हणाली. "रोज कुणीतरी चिखल ढवळला, गवत तुडवलं तरच टिकेल. थोड्या म्हशी, थोडा वेळ, शेण आधीच उचलायचं. आणि पाणी तबेल्याच्या जागेत चढणार, तर मालकांची संमती हवी. ती आणाल का?"

संमती आणायला मी तीन वेळा पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. चौथ्यांदा, मे संपता संपता, आत शिरलो. मालक म्हातारे झालेत, खाटेवर बसून होते. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"लिखनेवाले बाबू," ते म्हणाले, "तुमचा कागद तेव्हा मला ऑफिसात दाखवला होता. सगळ्या चाळीची सही होती, फक्त तुमच्या आईची नव्हती. चार नंबरच्या खोलीपुढे सही दिसली नाही, म्हणून तिथे कोण राहतं ते मी विचारून घेतलं होतं. आता नवीन कागद लिहा. आधी तिची सही आणा, तिच्याखाली मी करतो."

त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. तीच मापं, तोच पिंपळ, तीच अठ्ठावीस पावलं. 'सदर जनावरांना नदीपात्रात उतरण्यास परवानगी मिळावी.' चार ओळी खोडल्या, पुन्हा लिहिल्या. खाली जाऊन आईला वाचून दाखवलं. वाचताना मला स्वतःचाच राग येत होता. हिने सही नाकारली तर? तिचा तो हक्कच होता. मी तिच्या हातात पेन दिलं.

तिने ते घेतलं नाही. "सगळा बरा लिवलंस," ती म्हणाली. "तुजा चुकला, ता खंय लिवलंस?"

"आई, अर्जात तसं लिहीत नाहीत."

"मगे माझी सही पण होवची नाय."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. मी ओट्याकडे बघितलं, गेल्या वर्षी ती जिथे बसली होती तिथे आता पिठाचा डबा होता. मी कागद गुडघ्यावर घेतला आणि सगळ्यात वर, विषयाच्याही आधी, एक ओळ लिहिली: पूर्वीचा अर्ज मी लिहिला होता, आणि आईने सांगूनही लिहिला होता.

तिने ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग पेन मागितलं.