न केलेलं बी.एड.

नवी मुंबईत, पावणे एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात नवरा कामाला होता त्याला टाळं लागलं, तेव्हा मी कोपरखैरण्याच्या एका इंग्रजी शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवत होते. मी बी.ए., इंग्रजी घेऊन, साताऱ्याहून. बी.एड. नव्हतं. वसाहत नवी, शाळा नव्या, शिक्षक मिळत नव्हते. त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही. मुलाखतीत एक उतारा वाचायला लावला आणि सोमवारपासून या म्हणाले.

शाळेतली माझी मैत्रीणही माझ्यासारखीच, नुसती बी.ए. एक दिवस मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "मस्कतला इंग्रजीच्या टीचर हव्यात. वाशीत एक एजंट आहे. माझं जवळजवळ झालंय. तू पण ये ना."

त्या शनिवारी आम्ही गेलो. एजंटनं मला दोनच गोष्टी विचारल्या: पासपोर्ट आहे का आणि घरचे सोडतील का. घरी तेव्हा नकाराचा प्रश्नच नव्हता. सहा महिने नवरा घरी बसून होता. एजंट म्हणाला, "बस झालं मॅडम. व्हिजिट व्हिसावर जायचं, शिकवायला लागायचं, पेपर मागाहून होतात." त्यानं पासपोर्ट, डिग्री, मार्कशीटा, सगळं ओरिजिनल ठेवून घेतलं. पावती मागायचं माझ्या जिभेवर होतं, पण मैत्रीण इतकी निवांत बसली होती की मला लाज वाटली.

त्यानंतर माझी झोप उडाली. ट्रंकेतल्या ज्या पिशवीत माझी सर्टिफिकेटं असायची, ती रिकामी पिशवी मी उगाच काढून बघायचे. दर शनिवारी शाळा सुटली की बस पकडून वाशी. दर शनिवारी तो म्हणायचा, "प्रोसेसमध्ये आहे, टेन्शन घेऊ नका."

मग पालकसभेत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील भेटले. नुकतेच मस्कतहून परतले होते. मी आडवळणानं विषय काढला. ते सहज बोलून गेले, "तिथं शिकवायचं तर डिग्री, बी.एड. आणि अनुभवाचा दाखला लागतो. त्यावर आधी विद्यापीठाचा शिक्का, मग मंत्रालयाचा, मग दिल्लीला परराष्ट्र खात्याचा, मग त्यांच्या वकिलातीचा. शिवाय तिथलं सरकार विद्यापीठाला पत्र घालून विचारतं. व्हिजिटवर शिकवताना कुणी सापडलं तर सरळ परत पाठवतात." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "का? कुणी चाललंय का?"

"नाही, अशीच चौकशी," मी म्हणाले.

शनिवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी वाशी गाठली. "माझं बी.एड. नाही, ते तर लागतं म्हणे," असं म्हटल्यावर एजंट हसला. ड्रॉवरमधून माझी फाईल काढून त्यानं माझ्यासमोर उघडली. वरच कागद होता. माझं नाव, वडिलांचं नाव, बी.एड., प्रथम श्रेणी. कुठलंसं लांबचं विद्यापीठ. ज्या एप्रिलात मी ती परीक्षा दिली असं त्यावर लिहिलं होतं, त्या एप्रिलात मी माहेरी बाळंतिणीच्या खोलीत होते.

"मला हे नको," मी म्हणाले.

"सगळेच करतात, मॅडम. तुमच्या मैत्रिणीचं पण केलंय."

"माझे कागद परत द्या."

"असं मधूनच होत नाही. फाईल पुढे गेलीय."

फाईल माझ्या डोळ्यांसमोर होती. मी खुर्चीतच बसून राहिले. म्हणाले, "मग मी चौकीत जाते. पासपोर्ट कुणाकडे दिला ते लिहून देते." इतक्या बारीक आवाजात बोलले की त्याला ऐकू गेलं की नाही कळेना. त्यानं फाईल स्वतःकडे ओढली. मग एकेक कागद काढून टेबलावर टाकला. बी.एड.चा तेवढा मागे ओढून घेतला. "हा आमचा."

तो कागद कुठे गेला, कुणाच्या फोटोखाली माझं नाव लागलं की काय, ही धास्ती मला पुढे कितीतरी वर्षं होती.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दोन वर्षांचा तर प्रश्न होता. सगळी जातायत."

"अहो, तिथं पकडलं असतं तर?"

खरं सांगायचं तर पकडतीलच याची मलाही खात्री नव्हती. मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू फार घाबरतेस." पंधरा दिवसांत ती गेली. तिथून फोटो आले: पांढरी शाळा, रांगेत उभ्या मुली, मध्ये ही. मी ते फोटो नवऱ्याला दाखवले नाहीत.

आठ महिन्यांनी ती परत आली. विद्यापीठाचं उत्तर आलं होतं, अशी कुणी विद्यार्थिनी नाही म्हणून. तिला आवरायला चार दिवस दिले. मी भेटायला गेले तेव्हा ती चहाचा कप हातात धरून नुसती बसली होती. म्हणाली, "वर्गातल्या मुलींना सांगता पण आलं नाही गं." तिनं पुन्हा कुठल्याच शाळेत अर्ज केला नाही.

तोवर नवऱ्याला रबाळ्यात काम लागलं होतं. मुलीला सासूबाईंकडे ठेवून मी वर्षभर बी.एड. केलं. मग शिक्क्यांसाठी आणखी काही महिने खेटे घातले. शेवटी मस्कतला गेलेच. तिथं दुसऱ्या आठवड्यात शिक्षण खात्याचा एक अधिकारी थेट माझ्या वर्गात आला आणि माझी फाईल उघडून पानं उलटू लागला. सगळे शिक्के जागेवर होते, तरी माझ्या हातातला खडू ओला झाला. त्यानं फाईल मिटली आणि शिकवणं चालू ठेवा म्हणून खूण केली. मी फळ्याकडे वळले, पण कुठला धडा चालू होता ते आठवेना. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं हळूच पान दाखवलं.