सुपारीचे ताट

मुलगी बारावीत असताना इंग्रजीचे वाक्प्रचार मोठ्याने पाठ करायची. मी सुपात तांदूळ निवडत ऐकायची. एकदा म्हणाली, "आई, हे पाय कसं म्हन्तेत. कुंपनावर बसने."

"आपल्या कुंपनावर बसून दाखव. बोरीचे काटे हायेत."

ती हसली. "तसं नाही वं. दोघाइचं भांडन असते अन् तिसरा कोनाच्याच बाजूनं बोलत नाही, त्याले म्हन्तेत. दोन शेताइच्या मधातल्या धुऱ्यावर उभा रायते, ना ह्या बांधीत ना त्या बांधीत, तसा."

"मंग शहानाच म्हनाव त्याले."

मला खरेच तसे वाटले होते. मी चौथी शिकलेली, चार माणसांत माझा आवाज निघत नाही.

त्याच उन्हाळ्यात आमगावकडून पाहुणे यायचे ठरले. मुलीला गोंदियाला नर्सिंग शिकायचे होते, तिने फॉर्मही आणून ठेवला होता. यांना मात्र हे स्थळ सोडायचे नव्हते. पाहुणे यायच्या सकाळी ती चुलीजवळ येऊन बसली.

"आई, तू फक्त नाही म्हन. बाबा तुयं ऐकतीन."

मी म्हटले, "पाहू."

आमच्याकडे पसंती झाली की सुपारी फोडतात. सुपारीचे ताट मुलीच्या आईनेच बैठकीत आणायचे असते. तिने ताट ठेवले की घरचा होकार झाला. हे मला माहीत होते. यांनी बैठकीतून ताट मागितले, तेव्हा मी मनाशी म्हटले, मी कुठे काही बोलते आहे? ताटच तर नेते आहे. मुलगी दाराशी उभी होती. मी खाली पाहत तिच्या जवळून गेले आणि ताट सतरंजीवर ठेवले.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनीचं बरं हाये. बोलत नाही अन् अडवतबी नाही."

सगळे हसले. सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर मुलगी तेच ताट घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कुंपनावर नव्हती बसली, आई. ताट तूच नेलं."

आता तिच्या सासरी फोन केला की मी विचारते, "जेवली का?" ती म्हणते, "हो." मग तीच विचारते, "ठेवू?"

फॉर्म अजून माझ्या पेटीत आहे. तिने सगळा भरला होता. पालकाच्या सहीची जागा तेवढी कोरी आहे. सही मला येते.