माझी एक किडनी ममताकडे राहते

रावेरच्या स्टेशनावर बाबा खिडकीशी उभे होते. माझ्या लग्नाला महिना पण झाला नव्हता. ह्यांना भोपाळला गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली होती, आणि हे मला घेऊन निघाले होते. आई घरीच राहिली, रडू आवरणार नाही म्हणून. बाबा गाडी हलेपर्यंत ह्यांच्याशी केळीच्या भावाचंच बोलत राहिले. चाकं फिरली तेव्हा खिडकीची सळई धरून चालायला लागले आणि म्हणाले, "कमल, तिथलं पाणी वेगळं असतं. उकळून पी गं."

एवढंच. मुलगी परमुलखात चालली, आणि ह्या माणसाला सांगायला पाणीच सापडलं, असं वाटलं मला तेव्हा.

चौथी शिकलेली बाई मी. बोलते तसंच सांगते. रावेरला जे राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्या ज्या कुठं कुठं गेल्या त्यांच्यासाठी पण. मागच्या दिवाळीला धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "आक्का, जन्म परक्या गावात काढलास, ते ठीक. पण किडनी पण परक्याच्या पोरीला दिलीस?" त्याला तेव्हा म्हटलं, सांगेन कधीतरी. आता सांगते.

कोटरा सुल्तानाबादला आम्हाला एक खोली मिळाली. नळ गल्लीच्या तोंडाशी. मला हिंदी येत नव्हती, नंबर कसा लावतात ते पण माहीत नाही. एक दिवस एक बाई माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, "ये कौन है? रोज़ आगे घुस जाती है!" बाकीच्या बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. मला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. समोरच्या ओट्यावर चौबे चाची मेथी निवडत बसली होती. गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिनं मान पण वर केली नाही. म्हणाली, "रहने दो री. बहू है किसी की. सीख जाएगी."

बादल्या परत उचलल्या गेल्या. त्या दिवशी कुणी माझी मैत्रीण झाली नाही. फक्त राहू दिलं मला. तेवढं पुष्कळ होतं.

पाणी मात्र उकळून प्यायले नाही. रॉकेल मिळायचं नाही, मिळालं तर त्यावर भाकरी भाजायची की पाणी तापवायचं? टायफॉईडनं झोपले, उठले. पुढं कारखाना बंद पडला, मी डबे करायला लागले. पोळ्या लाटून लाटून मनगटं गेली. हे पण गेले. मुलगा सुधीर शिकला, नोकरीला लागला. दिवस काढले. त्याचं काय रडायचं.

मग सुधीरनं ममता आणली. विदिशाची, आमच्यातली नाही. पहिल्याच दिवशी माझी आमटी चाखून म्हणाली, "मम्मी, दाल में गुड़ कौन डालता है?" मी मनात म्हटलं, सीख जाएगी. आता गूळ ती माझ्यापेक्षा जास्त टाकते.

बाळंतपणात तिचं बीपी चढलं ते उतरलंच नाही. कळलं तेव्हा दोन्ही किडन्या आकसून गेलेल्या. डायलिसिस करून आली की भिंतीला धरून चालायची, आणि नात तिच्या पदराला धरून. सुधीरला शुगर, ममताच्या आईचं हृदय कमजोर. किडनी द्यायला दोघांना डॉक्टरांनी नाही म्हटलं. माझा ब्लड ग्रुप जुळला, तपासण्या निघाल्या चांगल्या. साठीच्या पुढची असून डॉक्टर म्हणाले, किडनी ठणठणीत आहे.

सासूनं सुनेला द्यायची तर कमिटीपुढं जावं लागतं. मोठमोठे साहेब बसलेले. एकानं विचारलं, "माताजी, घर में कोई दबाव तो नहीं डाल रहा?"

मी म्हटलं, "साहब, घर में सास मैं हूँ. दबाव मैं डालती हूँ. मुझ पर कौन डालेगा?"

साहेबांनी फाईल तोंडापुढं धरली. हसत होते.

ट्रॉलीवरून आत नेलं तेव्हा मला रावेरची गाडी आठवली. फरक एवढाच, की या खेपेला मी फलाटावर, आणि निघाली होती ती माझ्या पोटातली.

आमची लेडी डॉक्टर ग्वाल्हेरच्या मराठी घरातली. माझ्याशी मराठीत बोलायची. म्हणाली, "काकू, किडनी छान चालतेय. पण ममताचं शरीर तिला परकी समजणार."

"परकी कशी? एका घरात जेवतो आम्ही."

हसली, आणि स्टूल ओढून बसली. म्हणाली, रक्तात टी सेल नावाच्या पेशी असतात, शरीराच्या पहारेकरी. छातीच्या हाडामागं त्यांची शाळा असते. घरचं कोण, ते तिथं शिकतात. घरच्यांनाच चावायला धावतात त्या बहुतेक तिथंच बाद होतात. "त्या शाळेत तुमची किडनी कुणी दाखवली नव्हती ना, काकू."

पण टी सेल उगाच उठत नाही म्हणाली. दुसरी एक पेशी परक्याचा तुकडा उचलून तिच्यापुढं नेऊन धरते, हे बघ म्हणून. तेवढ्यानं पण भागत नाही. त्याच वेळी आणखी एक खूण मिळावी लागते, की हो, खरंच धोका आहे. दोन्ही मिळालं की ती पेटते, एकीच्या हजारो होतात आणि तुटून पडतात. नुसतं दाखवलं आणि दुसरी खूण आलीच नाही, तर बहुतेकदा सुस्त होऊन बसते. आणि या पेटलेल्यांना आवरणाऱ्या असतात, त्या पण टी सेलच. "त्या नसत्या तर शरीरानं स्वतःलाच खाल्लं असतं, काकू."

मला चौबे चाचीचा ओटा दिसला. डॉक्टरला काही सांगितलं नाही. तिला काय कळणार मेथीचं.

"म्हणून या गोळ्या," ती म्हणाली. "टी सेलच्या आत जी घंटा वाजते ना, ती दाबून धरतात. चुकवायच्या नाहीत, आणि मला विचारल्याशिवाय दुसरं काही द्यायचं नाही. पहारा ढिला असल्यानं साधा जंतू पण ममताला भारी पडेल. पाणी उकळलेलंच."

बाबाच बोलले असं वाटलं.

दीड वर्ष बरं गेलं. मग ममताला सर्दी-ताप झाला आणि तिची आई विदिशाहून आली. कोरोनापासून घराघरात गुळवेलीचा काढा. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून जो तो पितो. विहीणबाईंनी पण लेकीला पाजला, सकाळ-संध्याकाळ. आम्हाला वाटलं, चहा आहे. पुढं ममताचे पाय सुजले, लघवी कमी झाली. रक्तातलं क्रिएटिनिन वर, म्हणजे किडनी दमायला लागलेली. किडनीचा तुकडा काढून तपासला. टी सेल आत शिरल्या होत्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात काढ्याचं निघालं आणि सुधीर भडकला. "मम्मीजी, कहा था ना, बिना पूछे कुछ मत दीजिए!"

"मैं तो ताकत के लिए..." विहीणबाई म्हणाल्या.

"ताकतच नको होती तिला!" सुधीर मराठीत ओरडला. रागात त्याला मराठीच येते.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुधीर, विहीणबाई, सिस्टर पण. किडनी माझी. रागवायचा हक्क पहिला माझा. मी एक शब्द बोलले असते, तर ती बाई परत कधी आमच्या दारात आली नसती.

"रहने दो, सुधीर," मी म्हटलं. "माँ है. ज़हर नहीं दिया. सीख जाएँगी." आणि विहीणबाईंना म्हटलं, "चलिए, चाय पीते हैं."

त्या चहा प्यायल्या नाहीत. माझा हात धरून बसून राहिल्या.

ममताला सुया दिल्या, गोळ्या वाढवल्या. आम्ही रोज लघवी मापायचो, दुसरं बोलणं नाही घरात. हळूहळू क्रिएटिनिन उतरलं. डॉक्टर म्हणाली, "काढ्यानंच झालं असं शपथेवर नाही सांगणार. तापानं पण टी सेल जाग्या होतात. पण काढा पुन्हा नको. आणि काकू, तुमची किडनी चिवट आहे."

असणारच. रावेरची आहे.

तर भाऊ, परकं कोण, हे रक्तातल्या पेशीला पण एकटीला ठरवता येत नाही. एकीनं दाखवावं लागतं, दुसरीनं हो म्हणावं लागतं. मी हो म्हटलं नाही, एवढंच केलं. तू माझ्यासाठी खोली राखून ठेवलीस, मला माहीत आहे. येईन चार दिवस. जास्त नाही राहणार. इथं माझ्याशिवाय सकाळ सुरू होत नाही.

उठल्याबरोबर मी मोठं पातेलं गॅसवर चढवते. चांगल्या उकळ्या फुटू देते, निववते, गाळते. ममता भरलेला ग्लास तोंडाला लावते आणि रोज कुरकुरते, "मम्मी, उबाल-उबाल के पानी का स्वाद ही मार दिया." पण तळाशी थेंब ठेवत नाही. जरा वेळानं बाथरूमचं दार लागतं. मी ओट्याशी उभी राहून ऐकते. ऐकू नये ते ऐकते, आणि पोळ्या लाटायला घेते.

बाबा सांगून गेले होते, पाणी उकळून पी. मला नाही जमलं तेव्हा. पण रावेरहून बरोबर आणलेल्या दोन किडन्यांपैकी एकीला तरी मी आता रोज उकळलेलंच पाजते.