बियाचं वाळूक

"चप्पल काढा. इथं अन्न पिकतंय."

आमच्या भूमच्या गल्लीत साहेबांची परसबाग बघायला कोणी गेलं की आधी हे वाक्य ऐकावं लागायचं. बाग म्हणजे काय, तर घरामागच्या चार-सहा सऱ्या. पाहुणा बिचारा तापलेल्या मातीत अनवाणी, एकेक पाय उचलत उभा. आणि साहेब स्वतः जाड रबरी चप्पल घालून, काठीनं एकेक झाड दाखवत फिरायचे.

साहेब कुठल्याशा कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला साहेब करून घेतलं आणि गल्लीनं ते चालवून घेतलं. तुमच्याकडंही असा एखादा असेलच, ज्याचा सगळा डौल दुसऱ्याच कुणाच्या तरी कष्टावर उभा असतो. माझं घर त्यांच्या घराला लागून. मी शिवणकाम करते आणि माझी मशीन मागच्या खिडकीशी आहे. त्यामुळं त्या बागेतलं सगळं दिसायचं, आणि दिसलं की डोकं फिरायचं.

पाणी घालायच्या वहिनी, म्हणजे साहेबांच्या बायको. टँकर आला की घागरी भरायच्या त्या, धुण्याभांड्याचं पाणी साठवायच्या त्या, वांग्यावरच्या अळ्या वेचायच्या त्या. साहेब खुर्चीतून सांगायचे, "भेंडीला कमी, दोडक्याला जरा जास्त." आणि पाहुण्यांना ऐकवायचे, "माझ्या हाताला गुण हाय बघा." त्या हाताला चिखल लागलेला मी तरी कधी बघितला नाही.

त्या बागेत वहिनींचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता. वाळकात. त्यांचं माहेर येरमाळ्याकडचं. लग्नानंतर पहिल्या पंचमीला आईनं त्यांच्या पदरात वाळकाचं बी बांधून दिलं होतं. काकडीच्या जातीचं लांबट फळ, अंगावर गडद हिरव्या रेघा, मीठसुद्धा लागू नये असं गोड. पुढं आई गेली, भावांनी सगळ्या रानात सोयाबीन केलं आणि माहेरातलं ते वाण संपलं. उरलं ते फक्त ह्या परसात. वहिनी मला म्हणायच्या, "ताई, आमच्या आईचं आता एवढंच ऱ्हायलंय."

बी कसं धरायचं हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वेलाचं सगळ्यात चांगलं फळ बियासाठी सोडायचं. त्याला चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कोणी चुकूनही तोडत नाही. ते वेलावरच पिवळं पडू द्यायचं, देठ वाळला की उतरवायचं आणि बी राखेत चोळून ठेवायचं. दरवर्षी वहिनी माझ्याकडून लाल चिंधी न्यायच्या. आणि दरवर्षी साहेब ती सोडून टाकायचे.

कारण चांगलं फळ वेलावर पिकत बसलेलं ह्या माणसाला सोसायचंच नाही. ते कुणाला तरी नेऊन द्यायचं असायचं. बँकेतल्या साहेबाला, नाहीतर डॉक्टरला. वहिनींनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "बी काय, कशातनंबी निघतंय. चांगलं असंल ते माणसाला द्यावं." मग बियाला उरायचं हंगामाच्या शेवटचं, वाकडं, खुरटं. खुरट्याचं बी पेरल्यावर दुसरं काय येणार? काही वर्षांत वाळूक मुठीएवढं झालं आणि देठाकडं कडू लागायला लागलं. साहेबांनी आधी मातीला दोष दिला, मग टँकरच्या पाण्याला, आणि शेवटी वहिनींना.

"तुझ्या माहेरचं वाणच हलकं."

हे मी खिडकीतून ऐकलं. वहिनींच्या जागी मी असते तर भरलेली घागर साहेबांच्या डोक्यावर उपडी केली असती.

पण वहिनींनी मागंच चिमूटभर जुनं, चांगलं बी राखेच्या गाडग्यात लपवून ठेवलं होतं. दोन वर्षांमागं मृगात त्यांनी ते सगळं लावलं. बी जुनं, बरंचसं उगवलंच नाही. एकच वेल धरला. त्याला पहिलं फळ लागलं ते अगदी आईच्या वेळचं, तसंच लांब, तशाच रेघा. वहिनी मला हाताला धरून बघायला घेऊन गेल्या. चिंधीला दोन गाठी मारल्या आणि साहेबांसमोर बसून म्हणाल्या, "एवढं एक ठेवा. तुमच्या पाया पडते. पुढचं सगळं न्या."

"हां, हां, ठेवलं," साहेब म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात गावात भाजीपाल्याचं प्रदर्शन भरलं. सकाळी वहिनी पाणी घालायला गेल्या तर फळ गायब, आणि वेल मुळासकट उपटून आडवा पडलेला. घाईघाईत हिसका मारून ओढलं असणार. फळ खुडायचं कसं, तेही ह्या माणसाला धड येत नव्हतं.

आम्ही दोघी तशाच मंडपात गेलो. साहेब इस्त्रीच्या सदऱ्यात टेबलामागं उभे, गळ्यात हार. वाळकाच्या फोडी ताटलीत मांडलेल्या आणि लोक मीठ लावून खात होते. कडेला काढून टाकलेला गर वहिनींनी बोटांनी चाचपला. बी अगदी कोवळं, चिमटीत धरलं की पाणी व्हायचं. तरी त्यांनी ते सगळं रुमालात भरून घेतलं.

"अगं, लोकांसमोर उष्टं काय गोळा करतीस," साहेब हसत म्हणाले.

त्यातलं एकही उगवलं नाही. पुढच्या मृगात साहेबांनी दुकानातून बियाचं पाकीट आणलं, आणि त्याची वाळकं पाहुण्यांना दाखवताना बिनदिक्कत सांगायला लागले, "हिच्या माहेरचं वाण हाय हे. म्या जपलं म्हणून टिकलं." वहिनी तिथंच पाणी घालत असायच्या.

गेल्या थंडीत साहेब गेले. भेटायला आलेला जो तो बागेचं कौतुक करत होता. वाईट वाटलं का? खरं सांगते, मला त्या माणसाचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते वहिनींचं. कुणीकुणी म्हणालं, "साहेबांची आठवण म्हणून थोडं बी द्या." वहिनींनी पाकिटाच्या वाळकांचं बी मुठीमुठीनं वाटून टाकलं.

"न्या की," त्या म्हणायच्या. "हे त्यांचंच हाय."

आता आठवडी बाजाराला त्या माझ्याबरोबर येतात. भाजी घेऊन झाली की खेड्यापाड्याच्या बायका बसतात तिकडं वळतात. एखादं वाळूक उचलून त्याच्या रेघा बघतात आणि विचारतात, "बी घरचं हाय का, बाई?"

"न्हाय वो काकू. पाकिटाचंच हाय."

वहिनी वाळूक खाली ठेवतात आणि पुढच्या बाईसमोर जाऊन बसतात.