सफ्रगेट, एफ दोन

लोणीतल्या त्या घरी मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हाही कुलूपच होतं. मी शाळेत शिक्षिका, शिवाय बीएलओ, म्हणजे एका मतदान केंद्राची यादी सांभाळणारी. यादीतला माणूस दिल्या पत्त्यावर राहतो का, हे घरोघरी जाऊन बघायचं.

शेजारच्या आक्का गोठ्यातूनच ओरडल्या, "बाई, किती हेलपाटे घालता? सरांना पोरानं पुण्याला नेलं. गुडघं गेलं त्यांचं. आता कशाचं येत्यात!"

घर वाळुंज सरांचं. त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं. 'स्थलांतरित' लिहायला पेन काढलं, पण आधी फोन लावला.

"सर, पुण्यात नाव घालून घ्या. फॉर्म आठ, पत्ता बदलायचा. नाहीतर इथलं कमी होईल आणि तिथंही नसेल."

"शैला, सफ्रगेट आठवतंय?"

आठवत होतं. मूळ लॅटिन, अर्थ मत देणं. इंग्रजांनीही केव्हाच टाकलेला शब्द. मी एकच एफ लिहिला म्हणून दहा वेळा लिहायला लावला होता.

"एफ दोन, सर."

"शाब्बास. आता तो कुणी बोलत न्हाई. म्हणून डिक्शनरीनं खोडला का? पुढं 'ऑब्स.' लिहिलं, ऑब्सोलीट. वापरात नाही, पण जागा ठेवली. तसं लिही की माझ्या नावापुढं. मला माझ्याच वर्गात मत द्यायचंय गं."

आमचं केंद्र त्यांच्या जुन्या वर्गातच असतं.

तालुक्याला निवडणुकीच्या साहेबांना विचारलं. "साहेब, त्यांचं घर इथं आहे. जीव इथं आहे."

"मॅडम, झोपतात कुठं?"

"पुण्याला."

"मग मत पुण्याला."

रविवारी सर मुलाच्या गाडीतून आले. फॉर्म मोबाइलवरही भरता येतो. पण त्यांना सही वर्गातच करायची होती. बाकावर बसून त्यांनी मी भरलेला फॉर्म पूर्ण वाचला, माझी एक स्पेलिंगची चूक काढली, सही केली. मग फळ्याकडे बघितलं.

"वर्ग ल्हान झाला का गं?"

"नाही सर. तेवढाच आहे."

नव्या यादीत त्यांच्या क्रमांकावर दुसरं नाव आलं. माझ्याकडच्या जुन्या प्रतीत मी त्यांच्यापुढे पेन्सिलीनं 'ऑब्स.' लिहिलंय. त्याचा उपयोग शून्य.

शिकले ते एवढंच. 'कुठे राहता' याला फॉर्मवर चौकट आहे. 'कुठे राहायचंय' हे विचारायचं असेल, तर पेन काढण्याआधी विचारावं.