अंतराळवीराचं पत्र

बाबा पोस्टात टपालाची वर्गवारी करायचे. मी चौथीत असताना त्यांनी पहिल्या काही अमेरिकन अंतराळवीरांपैकी एकाला पत्र लिहिलं. काही महिन्यांनी नागपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात उत्तर आलं. सोबत एक फोटो होता: चंदेरी पोशाख, काखेत हेल्मेट, खाली सही. इंग्रजी घरात फक्त बाबांना यायचं. त्यांनी ओट्यावर उभं राहून पत्र मराठीत वाचून दाखवलं. अर्धी गल्ली ऐकायला जमली होती.

अंतराळवीराने लिहिलं होतं, तुमच्या दोन मुलींपैकी धाकटीला विज्ञान शिकवा, तिचं डोकं त्यासाठीच आहे.

आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती आणि घरी कुणीतरी लागणार होतं. ताई आठवीत होती. त्या पत्रानंतर कुणी काही विचारलं नाही. ताईने दप्तर मला दिलं आणि चूल हातात घेतली. खरं तर गणितं तिलाच यायची, माझी ती सोडवून द्यायची. यानापासून पॅराशूटपर्यंत सगळं तिने वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवलं होतं.

मी इंजिनियर झाले, कॅनडात आले. नॉर्थ यॉर्कमधल्या ऑफिसात, आमच्या इथल्या मंडळात एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात, मुलीच्या शाळेत, जिथे संधी मिळाली तिथे मी पत्राची ही गोष्ट सांगितली. एकदा नागपूरला सत्कारात सांगितली, तेव्हा ताई पहिल्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या.

मागच्या वर्षी बाबा गेले. अंतराळवीराच्या त्या फोटोची फ्रेम मी बॅगेत घालून आणली, प्रवासात काच तडकली. इथल्या फ्रेमवाल्याने मागचा पुठ्ठा काढला, तर आत घडी केलेलं ते पत्र होतं. पत्र जुनं आहे, हात लावलात तर तुकडे होतील, असं बाबा नेहमी म्हणायचे. मी दुकानात उभ्याउभ्याच वाचलं. छापील चार ओळी होत्या. अंतराळ कार्यक्रमात रस घेतल्याबद्दल आभार. पत्रं फार येतात, प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्य नाही. सोबत फोटो पाठवत आहोत. बाबांचं नावसुद्धा त्यात नव्हतं, मग मुलींचं कुठून असणार?

घरी पोचून ताईला फोन लावला, तेव्हा तिकडे रात्र झाली होती. मी पत्र वाचून दाखवलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "फ्रेम करायच्या आधी शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांना खोटं पाडलं असतं तर दोघींची शाळा गेली असती."

तू टाळ्या कशा वाजवल्यास, हे मी विचारलं नाही. बाबांचा राग होताच, पण तिचाही आला, आणि तो येतोय याची लाज वाटली. पन्नास वर्षं त्या दोघांना खरं ठाऊक होतं. तिची शाळा ज्या खोट्यापायी सुटली, तेच मी मिरवत फिरत होते.

मुलीला सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली, "पण मॉम, तुझं तर चांगलंच झालं ना." मी भांडी घासायला घेतली.

यंदाच्या जयंतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या सेक्रेटरींनी मुलांसाठी पत्राची गोष्ट सांगायचा आग्रह केला. मी सांगितली, छापील चार ओळींसकट आणि ताईच्या वहीसकट. जेवणाच्या रांगेत मंडळातले एक ज्येष्ठ जवळ आले आणि हळूच म्हणाले, गेलेल्या वडिलांबद्दल चारचौघांत असं बोलू नये, शेवटी त्यांनी तुमचं भलंच केलं.

मी म्हटलं, "माझं केलं."

ताट तसंच ठेवलं आणि कोट घ्यायला गेले.