दुसऱ्या रांगेतली अंडी

गुढियारीत राहणाऱ्या सरोजिनी ठवकर उरला गावाच्या पुढे एका अंड्यांच्या फार्मवर अकरा वर्षं कोंबड्यांचं खाद्य मिसळत होत्या. तेल काढून उरलेली ढेप जुनी की ताजी, हे त्या पोतं उघडताच वासावरून ओळखत. पण खाद्यात काय घालायचं, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात अंडी लहान होऊ लागली. चोपन्न ग्रॅमचं अंडं एकोणपन्नासवर आलं आणि व्यापाऱ्याने अख्खी गाडी परत पाठवली. मालक बाबारावांनी सोयाबीनची ढेप वाढवायला लावली. अंडी होती तेवढ्याच वजनाची राहिली. शेडमध्ये अमोनियाचा वास मात्र असा भरला की डोळे चुरचुरायचे.

सरोजिनीबाईंना मागे कोंबडीपालनाच्या एका शिबिरात ऐकलेलं आठवलं. तिथल्या पशुवैद्य डॉक्टर शिशिरना त्यांनी फोन केला. ते म्हणाले, सोयाबीनमध्ये मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. उन्हात कोंबडी खातेही कमी. ते एक कमी पडलं की बाकीची प्रथिनं वाया जातात आणि विष्ठेतून अमोनिया होऊन बाहेर पडतात. ढेप थोडी कमी करा, मेथिओनिनची पावडर घाला. प्रमाणही त्यांनीच सांगितलं.

बाबाराव हसले. चिमूटभर पावडरीने काय होणार, असं त्यांचं म्हणणं.

"मले फक्त पिंजऱ्यांची दुसरी रांग द्या, महिनाभर," सरोजिनीबाई म्हणाल्या. "नाही जमलं तर खाद्याबद्दल पुन्हा बोलणार नाही."

रांग मिळाली. रोज सकाळी त्या दोन्ही रांगांतली तीस-तीस अंडी तोलायच्या. पहिला आठवडा काहीच फरक नाही. सोबतचे लोक चेष्टा करू लागले. सरोजिनीबाईंचाही धीर सुटत चालला होता. मग एकदा खाद्य मिसळायचं यंत्र रिकामं करताना त्यांना पांढरी पावडर तळाशी साचलेली दिसली. ती खाद्यात पसरतच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पावडर आधी घमेलंभर मक्याच्या भरड्यात हाताने कालवली, मगच यंत्रात टाकली.

त्यानंतर काटा हलला. पन्नास, एक्कावन्न. महिना संपला तेव्हा दुसरी रांग त्रेपन्नवर होती आणि पहिली तिथेच, एकोणपन्नासवर.

बाबारावांनी दोन ताटल्या मागवून दोन्ही रांगांतलं एकेक अंडं फोडलं. पहिल्या रांगेतल्याचं पांढरं पाण्यासारखं पसरलं. दुसऱ्याचं बलकाभोवती घट्ट उभं राहिलं. मग सगळ्यांना बोलावून म्हणाले, "आजपासून खाद्यात काय पडन ते सरोजिनीताई ठरवतील. मीही त्याईलेच विचारीन."

पुढच्या महिन्यात चारही हजार कोंबड्या त्यांच्या मिश्रणावर आल्या. शेडमधला वास उतरला, व्यापाऱ्याची गाडी पुन्हा येऊ लागली. शेजारच्या फार्मचा मालक चौकशीला आला, तर बाबारावांनी त्याला थेट मिसळण्याच्या खोलीकडे धाडलं.

त्या संध्याकाळी घरी परतताना ऑटोत सरोजिनीबाईंना एकटीलाच हसू फुटलं. ऑटोवाल्याने विचारलं, "काय झालं दीदी?" त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. गुढियारी आली तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं, आणि त्यानेही ऑटो बाजूला लावून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.